करवंदीचा वामनवृक्ष

कोकणपट्टीत व सह्याद्रीच्या उतारांवर आंबा किंवा काजू यांच्या लागवडीसाठी जमीन साफ करण्याचे काम उन्हाळ्याच्या अखेरीस जोरात चालते. या कामात पहिली कुऱ्हाड पडते ती करवंदीच्या जाळीवर. काटेरी फांद्या कुंपणास लागतात; बुंधे खणून बांधाच्या कडेला टाकले जातात व वाळल्यावर चुलीत जळतात. यांतील कित्येक बुंधे वीस-तीस वर्षांचे असतात. अशा बुंध्याची नीट जोपासना केली तर सात-आठ वर्षांत त्यापासून पसरट कुंडीत फुलणारा व फळणारा सुंदर वामनवृक्ष तयार होतो. तथापि हौसेने उचललेल्या बुंध्यांपैकी पुष्कळसे पहिल्या वर्षातच मरतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मरणास कारण होते ती मालकाची घाई. ही घाई कोठे होते व ती कशी टाळावी, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वामनवृक्ष म्हणजे काय?

मोठ्या वृक्षाचे सर्व गुण अंगी असलेले, परंतु छाटणी व मुळांचे नियमन यांच्या योगाने कुंडीत लहान ठेवलेले झाड म्हणजे वामनवृक्ष. ही कला चीनमध्ये उदयास आली व जपानात विशेष वाढली. तिचे ‘बोन्साय’ हे प्रचलित नाव जपानीच आहे. डोंगरातून काढून आणलेल्या झाडास तेथे ‘यामादोरी’ म्हणतात. वाऱ्याने वाकलेल्या व खडकात खुरटलेल्या झाडाच्या बुंध्यास जो जुनेपणा असतो, तो कुंडीतील रोपास यावयास पुष्कळ वर्षे लागतात. म्हणूनच अशा झाडांना मोल येते. परंतु या मोलापायीच जपानातील शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वतावरचा ‘शिंपाकू’ जातीचा जुनिपर विसाव्या शतकात संग्राहकांनी खणून जवळजवळ संपविला. आपल्या डोंगरांच्या बाबतीत हा धडा आरंभीच ध्यानात ठेवावा.

कोणता बुंधा निवडावा?

जी जाळी लागवड, विहीर, घर किंवा रस्ता यांसाठी कोणत्याही परिस्थितीत तुटणारच आहे, तीतीलच बुंधा घ्यावा, व तोही स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील किंवा मालकाच्या संमतीने घ्यावा. राखीव वनातून परवानगीवाचून झाड काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. देवराई व गायरान यांतील झाडांसही हात लावू नये.

कातळाच्या फटीत वा उथळ मातीत वाढलेली आणि कुंपणासाठी वरचेवर तोडली गेलेली झाडे सर्वांत उत्तम. त्यांचा बुंधा जाड व उंची कमी असते, आणि मुळे वरच्या थरात पसरलेली असतात. खोल मातीतील झाडाचे सोटमूळ सरळ खाली गेलेले असते व बुंध्याजवळ तंतुमुळे थोडी असतात. असे झाड जगविणे अवघड जाते.

खणण्याची रीत

जमीन साफ करण्यास एक वर्षाचा अवधी असेल तर पहिल्या पावसाळ्याच्या आरंभी बुंध्यापासून सुमारे एक फूट अंतरावर अर्ध्या घेरात चर खणावा, तेथील मुळे धारदार करवतीने कापावीत व चर वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांनी भरून टाकावा. कापलेल्या टोकांजवळ वर्षभरात तंतुमुळे फुटतात. दुसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस पडून हवेत गारवा आला म्हणजे उरलेला अर्धा घेर खणून झाड उचलावे. अवधी नसेल तर मृगाच्या प्रारंभी एकदाच खणावे. मात्र त्यात धोका अधिक असतो.

उचलण्यापूर्वी फांद्या आखूड कराव्यात, कारण कमी झालेल्या मुळांना सर्व पानांना पाणी पुरविता येत नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातील असल्याने कापताच पांढरा चीक वाहू लागतो. तो पाण्याने धुवून जखम सुकू द्यावी व नंतर बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून, एकूण १ लिटर पाण्यात एकत्र केल्यास हे मलम तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये. मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावावीत. एक तास ऊन लागले तरी तंतुमुळे सुकतात.

पहिली दोन वर्षे मुळांची

बुंधा प्रथम पसरट कुंडीत लावू नये. तळाशी भोके असलेली मोठी मातीची कुंडी किंवा लाकडी खोके घ्यावे. जांभ्याची किंवा विटांची चाळलेली बारीक खडी दोन भाग, जाड वाळू एक भाग व चांगले कुजलेले पानांचे खत एक भाग असे मिश्रण भरावे. नुसती चिकण माती घातल्यास पाणी साचून मुळे कुजतात. वाऱ्याने बुंधा हलला की कोवळी मुळे तुटतात, म्हणून तो सुतळीने कुंडीस घट्ट बांधावा. कुंडी झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवावी व संततधारेपासूनही तिचे रक्षण करावे.

पुढे सर्वांत फसवा काळ येतो. चार ते सहा आठवड्यांत बुंध्यावर डोळे फुटून तांबूस पालवी दिसू लागते. झाड लागले असे समजून मालक ते उन्हात आणतो, खत घालतो, क्वचित उपटून मुळेही पाहतो. आणि पंधरवड्यात पालवी माना टाकते. याचे कारण असे की, ही पहिली पालवी खोडात साठलेल्या अन्नावर व ओलाव्यावर फुटते. मुळे नसलेली तोडलेली फांदीसुद्धा ओलसर जागी काही दिवस अशीच फुटते. तेव्हा पहिली पालवी हा झाड जगल्याचा पुरावा मानता येत नाही. ती पाने जून होऊन त्यांवर दुसरी पालवी आली आणि कुंडीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागली, म्हणजे झाड लागले असे समजावे. तोपर्यंत खत देऊ नये, छाटू नये व हलवू नये. उलटपक्षी, पाने गळाली म्हणून लगेच झाड टाकूनही देऊ नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसल्यास आशा आहे.

झाड लागल्यावर ते हळूहळू उन्हात आणावे, कुजलेल्या पेंडीचे पातळ पाणी महिन्यातून एकदा द्यावे व दुसरे वर्षभर फांद्या मोकळ्या वाढू द्याव्यात. या वेळी झाड ओबडधोबड दिसले तरी चिंता नको. वर जितकी पाने, तितकी खाली मुळे वाढतात.

आकार देणे

तिसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आकार देण्यास आरंभ करावा. करवंदीची पाने समोरासमोर असल्याने फांद्याही जोडीने फुटतात. जोडीतील एक ठेवून दुसरी काढावी. एकदा डावी, एकदा उजवी व मधून एक मागील बाजूची, असा क्रम ठेवल्यास झाडास खोली येते. जुने लाकूड कठीण असते व वाकविताना मोडते. म्हणून फांदी हिरवी असतानाच अॅल्युमिनियमची तार गुंडाळून तिला वळण द्यावे. तार सालीत रुतू नये यासाठी दर पंधरवड्यास पाहणी करावी व रुतण्यापूर्वी ती कापून काढावी.

चौथ्या किंवा पाचव्या वर्षी मृगात मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा कापून झाड पसरट कुंडीत न्यावे. मुळे व फांद्या यांची मोठी कापणी एकाच हंगामात करू नये. पुढे दर दोन-तीन वर्षांनी माती बदलावी. पसरट कुंडीत माती थोडी असते, म्हणून चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागते.

फुले का येत नाहीत?

झाड निरोगी आहे परंतु फुलत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. करवंदीची पांढरी, सुवासिक फुले फांद्यांच्या शेंड्यांवर गुच्छांनी येतात. झाड नीटनेटके दिसावे म्हणून थंडीत शेंडे खुडले की त्याबरोबर फुलेही जातात. म्हणून मुख्य छाटणी फळे उतरल्यावर जूनमध्ये करावी, पावसाळ्यात हलकी खुडणी करावी व हस्त नक्षत्र लागण्यापूर्वी कात्री ठेवून द्यावी. युरियासारख्या नत्रयुक्त खतांचा मारा केल्यास पाने वाढतात व फुले कमी येतात.

वामनवृक्षाची पाने कालांतराने लहान होतात, परंतु फुले व फळे मूळच्याच आकाराची राहतात. फळांचा भार लहान झाडास सोसत नाही. पहिल्या बहरास दोन-तीन फळे ठेवून बाकीची काढून टाकावीत.

जाळीचे देणे

या झाडांपासून रोपवाटिकेस उत्पन्न मिळू शकते. परंतु पहिली चार-पाच वर्षे विक्रीची अपेक्षा धरू नये व नुकताच खणलेला बुंधा कोणासही विकू नये. घेणाऱ्याच्या घरी तो मेला की रोपवाटिकेचे नावही जाते.

करवंदीची जाळी उतारावरची माती धरून ठेवते, पाखरांना आसरा देते व उन्हाळ्यात डोंगरातील कुटुंबांच्या हाती चार पैसे देते. म्हणून एक बुंधा उचलणाऱ्याने बांधावर दहा रोपे लावावीत. बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. यास्तव पिकल्या फळांतील बी धुवून, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे. याच रोपांतील काही कुंडीत वाढविल्यास पुढील पिढीस वामनवृक्षासाठी डोंगरावर पहार घेऊन जाण्याची गरज पडणार नाही.