पाळणाघरातून आलेली पिशवी

मागच्या व्याख्यानात आपण कर्तव्याविषयी बोललो. शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तरुण आई उठून म्हणाल्या, "सर, हे सगळं ठीक आहे. पण माझा दीड वर्षांचा मुलगा पाळणाघरातून दोन दिवसांआड भरलेले कपडे घेऊन येतो. त्याबद्दल तत्त्वज्ञान काही सांगतं का?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, हसायला नको होतं. प्रश्न खरा होता आणि आमच्या स्वतःच्या घरातला होता. म्हणून आज त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

आधी आमची चूक सांगतो. आमची नात दोन वर्षांची आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, त्यामुळे तिला पाळणाघरात सोडणं आणि आणणं हे आम्हा आजी-आजोबांचं काम. एके दिवशी तिच्या दप्तरात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत फ्रॉक आणि लेगिंग, शीने भरलेले, जसेच्या तसे. पाण्याचा थेंबही लागलेला नाही. उन्हाळ्याचे दिवस. वास कसा होता ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तणतणत गेलो आणि दारातच म्हणालो, "महिन्याचे पैसे वेळेवर घेता, मग कपडे नुसते पाण्यातून काढायलाही जमत नाही का?" समोर मुलांना सांभाळणाऱ्या मावशी होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, खाली बघत राहिल्या. आतून पाळणाघर चालवणाऱ्या ताई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, आम्ही ते मुद्दामच धुत नाही."

त्यांचं कारण ऐका, कारण ते बहुतेक पालकांना माहीत नसतं. विष्ठेत जुलाबाचे आणि पोटाच्या विकारांचे जंतू असू शकतात. असे कपडे नळाखाली खळबळले की बारीक शिंतोडे उडतात. ते बेसिनवर, नळाच्या चावीवर, धुणाऱ्याच्या हातांवर आणि कपड्यांवर बसतात. घरी एकच मूल असतं. पाळणाघरात पंधरा-वीस मुलं असतात आणि तेच हात पुढे दुसऱ्या मुलाला भरवणार असतात. म्हणून अनेक देशांतल्या पाळणाघरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलेलं असतं: घट्ट भाग अलगद संडासात टाकावा, कपडे न खळबळता पिशवीत बंद करावेत आणि घरी द्यावेत. म्हणजे आम्ही ज्याला आळस समजलो, ती शिस्त होती.

आता मुळात गळती का होते ते पाहू.

डायपरच्या आत कापसासारख्या लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पांढरी पूड असते. ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि जेलीसारखी होते. पण तिला त्यासाठी थोडा वेळ लागतो. दोन वर्षांचं मूल एकदम भरपूर लघवी करतं. ती शोषली जाण्याआधी फट सापडली तर बाहेर येते. तेव्हा गळतीचा प्रश्न बहुतेक वेळा फटीचा असतो.

फट कुठे राहते? पहिली जागा मांडीशी. डायपरच्या कडेला झालर असते. घालताना ती आत दुमडली गेली तर तिथून धार लागते. घातल्यावर दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवून झालर बाहेर काढायची, एवढंच. दुसरी जागा कंबर. मुलगा असेल तर शिश्न खालच्या दिशेला आहे ना, हे पाहावं, नाहीतर लघवी पोटावरून वर येते. तिसरी जागा आपण स्वतः तयार करतो. बनियनचं टोक डायपरमध्ये खोचलं की ते कंदिलाच्या वातीसारखं काम करतं आणि ओल वर ओढून घेतं. डायपर कोरडा वाटतो आणि बनियन छातीपर्यंत ओलं! चौथी गोष्ट मापाची. पाकिटावर किलोचा आकडा असतो, पण मूल वाढत असतं. मांडीवर किंवा पोटावर लाल वळ उठत असतील तर माप लहान झालं. कमरेत दोन बोटं सहज जातील इतपत सैल हवं.

आणि पाचवी गोष्ट वेळेची. पाळणाघरात साधारण दर दोन-तीन तासांनी, दुपारच्या झोपेआधी आणि शी झाली की लगेच डायपर बदलायला हवा. एका मावशीकडे किती मुलं आहेत, यावर हे शक्य होणार की नाही ते ठरतं. पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं बघण्यापेक्षा हा आकडा विचारावा.

काढण्याचीही एक रीत आहे. चड्डीसारखा डायपर शी झाल्यावर खाली ओढला तर दोन्ही पाय भरतात. त्याच्या बाजूच्या शिवणी फाडून तो पुढून उघडायचा. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा द्यायचा. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचकांनी अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची रीत रुजवली, ती यासाठीच की पुडकं उघडण्याआधी पुढच्या माणसाला आत काय आहे ते कळावं. ठिपका काढायला दोन सेकंद लागतात.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्या आज्या हुशार होत्या. बंदाचं झबलं पुढून सुटतं, ते डोक्यावरून काढावं लागत नाही. हल्लीच्या एकसंध बाळकपड्यांना खांद्यावर एकावर एक आलेल्या पट्ट्या असतात. त्यामुळे गळा मोठा होतो आणि भरलेला कपडा खांद्यावरून खाली, पायांकडून काढता येतो. आम्हाला हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तोवर नातीच्या केसांना दोनदा लागलं होतं.

आता पिशवी घरी आली. काय करायचं?

पहिलं, ती रात्रभर तशीच ठेवायची नाही. दुसरं, गरम पाणी ओतायचं नाही. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने घट्ट होतो ना, तसंच विष्ठेतल्या प्रथिनांचं होतं. डाग धाग्यात पक्का बसतो. घट्ट भाग संडासात टाकून आधी गार पाण्याने कपडा उलट्या बाजूने धुवावा, म्हणजे डाग आत न जाता बाहेर पडतो. मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून अर्धा तास भिजवावा. ही एन्झाइम प्रथिनं तोडतात. नंतर नेहमीसारखं धुणं, आणि कापडाला चालत असेल तर आता गरम पाणी. हे कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नयेत. शेवटी कडक ऊन. राहिलेली पिवळट छटा उन्हात फिकट होत जाते.

एक धोक्याची सूचना. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, साठलेल्या ओल्या कपड्यांना झोंबणारा वास येतो तो त्याचाच. अशा कपड्यांवर थेट क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो. ब्लीच वापरायचंच असेल तर कपडा आधी स्वच्छ पाण्यातून काढावा, आणि संडास साफ करायच्या ॲसिडशी तर ते कधीही मिसळू नये. सगळं झालं की साबणाने हात. मुलाचेसुद्धा.

गळती कधी तक्रार नसून लक्षण असते, तेही ध्यानात ठेवावं. एकाएकी पातळ शी वारंवार होऊ लागली तर दोष डायपरचा नसतो. अशा वेळी ओआरएस द्यावं आणि मुलाला घरी ठेवावं. शीत रक्त दिसलं, मूल मलूल झालं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावं. त्या वेळी कोरडा डायपर ही आनंदाची बातमी नसते.

इथवर झालं ते गृहशास्त्र. त्या ताईंनी विचारलेलं तत्त्वज्ञान आता येतं.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं १९६६ सालचं पुस्तक शुचिता आणि धोका या विषयावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घाण म्हणजे जागा सोडून असलेली वस्तू. चप्पल दाराशी असली तर चप्पल, जेवणाच्या टेबलावर असली तर घाण. डायपरमध्ये जे आहे त्याचं आपल्याला फारसं काही वाटत नाही. तेच फ्रॉकवर आलं की आपण किंचाळतो.

आणि किंचाळताना काय म्हणतो? "शी!" मराठीची गंमत बघा. मुलाला आपण विष्ठेसाठी जो शब्द शिकवतो तोच आपला किळसेचा उद्गार आहे. मूल येऊन सांगतं, "आजोबा, शी." ते एक बातमी देत असतं. आपण नाक मुरडून म्हणतो, "शी!" तोच शब्द, पण आता तो निकाल झालेला असतो. दोन वर्षांच्या मुलाला कपड्याची घाण आणि आपण स्वतः यांतला फरक अजून नीट कळत नाही. कपड्यावरचा निकाल ते स्वतःवर घेतं. मग ते लपतं. पडद्यामागे जाऊन शी करतं, सांगत नाही, आणि गळती वाढते. म्हणजे लाज देऊन आपण जे थांबवू पाहतो, तेच जास्त होतं.

एमी पिक्लर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये अनाथ बाळांसाठी एक बालगृह सुरू केलं. तिथे लंगोट बदलणं हे उरकायचं काम मानलं जात नसे. सांभाळणारी बाई बाळाला आधी सांगायची, "आता मी तुझा पाय उचलणार आहे," आणि क्षणभर थांबायची. बाळ पाय जरा उचलून द्यायचं. दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्याआधी विचारावं, हा धडा माणूस इतक्या लवकर शिकू शकतो. नीतिशास्त्र आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं, पण त्याचा पहिला तास डायपर बदलताना होतो हे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

आता सर्वात अवघड भाग. आम्ही त्या मावशींवर का ओरडलो? वास आला म्हणून? नाही. हे काम 'त्यांचं' आहे, असं आम्ही मनात धरून चाललो होतो म्हणून. माणसाची घाण कोणी काढायची, हे आपल्या समाजाने जन्मावरून ठरवून टाकलं होतं. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा करावा लागला आणि २०१३ मध्ये पुन्हा दुसरा. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम आपल्यालाच करू द्या म्हणून उपोषण केलं. आपण व्याख्यानांत ही उदाहरणं देतो. आणि घरी पिशवी आली की दुसऱ्याचे हात शोधतो.

हे व्याख्यान लिहून झाल्यावर आम्ही घरी वाचून दाखवलं. 'आमच्या मुलांच्या वेळी आम्ही दुपटी धूत असू' असं एक वाक्य त्यात होतं. आमच्या सौभाग्यवतींनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "हे 'आम्ही' कोण? दुपटी मी धुतली. तुम्ही प्रबंध लिहीत होता." वाक्य काढून टाकलं आहे. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही, म्हणून आता पिशवी आली की ती आम्ही उघडतो. पहिल्यांदा उलटी येईल असं वाटलं. चौथ्या वेळेपर्यंत तो फक्त एक फ्रॉक उरला होता.

मावशींची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या आजोबा. तुम्ही फक्त दोन जास्तीचे जोड आणि एक रिकामी पिशवी देत जा. कालच्याला जोड नव्हता, पोरीला दुसरीचा फ्रॉक घातला, ती रडली." एवढंच त्यांचं मागणं होतं. आता दप्तरात दोन जोड असतात, नाव घातलेले, आणि दोन रिकाम्या पिशव्या. संध्याकाळी "आज काय खाल्लं, झोपली का, शी किती वेळा?" असं आम्ही विचारतो, त्याही नीट सांगतात. गळती अजून होते, पण भांडण होत नाही.

परवा नात पडद्यामागून बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, शी." आम्ही म्हणालो, "बरं झालं सांगितलंस. चल."

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा, या वेळी हसणार नाही.