दोन चाव्यांचं कुलूप

१९९१ साली माझी बदली भिवंडीच्या शाखेत झाली. कर्जदारांचे यंत्रमाग तपासणं हे माझं काम. धामणकर नाक्याच्या आसपासच्या गाळ्यांत शिरलं की खटाखटीपुढे स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. बारा-बारा तासांची पाळी. रात्रीचा कारागीर तुटलेला धागा सांधता सांधता तळव्यावर तंबाखू मळायचा आणि चिमूटभर साहेबांनाही द्यायचा. नको म्हणणं शिष्टपणाचं वाटे. सहा महिन्यांत माझ्या खिशात स्वतःची डबी आली.

त्यात चुना का घालतात, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. मळणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नसतं, पण त्याचा हिशेब पक्का असतो.

आमचा शिपाई तालुक्यातल्याच एका खेड्यातला. भातकापणीच्या दिवसांत बांधावर त्याला नाग चावला. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा पापण्या मिटलेल्या, मान लुळी, श्वास यंत्रावर. घरचे रडू लागले. बरा झाल्यावर तो म्हणाला, "सगळं ऐकू येत होतं साहेब. पापणी तेवढी उचलत नव्हती."

डॉक्टरांनी मला समजावलं, ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात बारीक फट असते. ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन ती ओलांडून हुकूम पोचवतं. स्नायूवर त्याचं कुलूप असतं, रिसेप्टर. आपल्या लॉकरसारखं तेही दोन चाव्यांशिवाय उघडत नाही. फरक इतकाच की इथे दोन्ही चाव्या ॲसिटिलकोलिनच्याच. दार उघडतं, सोडियम आत शिरतं, स्नायू आखडतो आणि एक झाडूवाला एन्झाइम क्षणार्धात चाव्या गोळा करून नेतो. नागाचं विष त्या कुलपाचं भोक बुजवतं. म्हणून प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन देतात. ते झाडूवाल्याला अडवतं, चाव्यांची गर्दी होते, आणि उरलेली कुलपं उघडू लागतात.

या कुलपाचं नाव मात्र तंबाखूवरून पडलं आहे : निकोटिनिक. १९०५ साली केंब्रिजच्या लँगले यांनी कोंबडीच्या स्नायूला निकोटिन दिलं, तो आखडला. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाचं विष, क्युरारे, दिल्यावर निकोटिनचा जोर ओसरला. मज्जातंतू आधीच तोडून निकामी केलेला असला तरी निकोटिन आपलं काम करीच! तेव्हा स्नायूवरच काहीतरी ग्रहण करणारं असलं पाहिजे, असं त्यांनी ताडलं. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला भूलतज्ज्ञ आज जी इंजेक्शनं देतात, त्यांतली बरीचशी क्युरारेच्याच वाटेने जातात.

मेंदूतही याच घराण्यातली कुलपं आहेत, जरा निराळ्या घडणीची. निकोटिन तिथे स्नायूपेक्षा कितीतरी चांगलं बसतं. झाडूवाला त्याला हात लावत नाही. सतत उघडून कुलूप थकतं, बधिर होतं. मग मेंदू आणखी कुलपं बसवतो. सकाळी उठल्यावर ती सगळी रिकामी असतात. पहिल्या चिमटीआधीची ती तगमग माझ्या घरच्यांनी वर्षानुवर्षं सोसली.

शिपाई कामावर परत आला त्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि हात पुढे केला. मरणाच्या दारातून आलेला माणूस. मी डबी उघडून दिली. दोघांनी बार भरला. मोठी मौज वाटली होती तेव्हा.

२००४ साली तो गालाच्या कॅन्सरने गेला. माझी सवय सुटायला २०१२ उजाडलं, तीही डॉक्टरांनी दिलेल्या व्हॅरेनिक्लिनने. ही गोळी मेंदूतल्या त्याच कुलपात बसते, दार अर्धवट उघडते आणि निकोटिनला जागा ठेवत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

त्याचा मुलगा भिवंडीतच एका गोदामात कामाला आहे. मागल्या महिन्यात भेटला, बोलता बोलता तळवा मळत होता. मी वहीचा कागद फाडून त्यावर गोळीचं नाव लिहिलं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, असंही. त्याने तळव्यावरची तंबाखू झटकली नाही; कागद मात्र घडी करून खिशात ठेवला.