घरामागे घोडा

कॅलिफोर्नियातला 80 क्रमांकाचा महामार्ग सॅक्रामेंटोजवळ जवळजवळ समुद्रसपाटीला असतो, आणि सिएरा नेवाडा चढत डॉनर खिंडीपाशी सुमारे 2200 मीटरवर पोचतो. या चढावर कधी कधी एक विलक्षण जोडी दिसते. पुढे मोटरहोम, म्हणजे ओटा, पलंग, न्हाणीघर असं सगळं पोटात घेतलेलं चाकांवरचं घर. त्यामागे ट्रेलर, आणि ट्रेलरमध्ये उभा घोडा. 1955 पासून होत आलेली टेव्हिस कप ही घोड्यांची शर्यत खिंडीपलीकडच्या ट्रकी गावाजवळून ऑबर्नपर्यंत जाते : 100 मैल, 24 तासांत. तीनशेहून अधिक अश्वशक्तीचं इंजिन धापा टाकत एका खऱ्या अश्वाला डोंगरावर नेतं. विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाची जवळपास पाचव्या हिश्श्याची ताकद खिंडीपर्यंत गळालेली असते.

घोड्याला गाडीत बसवून शर्यतीला न्यायची कल्पना मोटारीहून जुनी आहे. 1836 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने एलिस नावाचा घोडा बंदिस्त गाडीतून गुडवुडहून डॉन्कास्टरला नेला. ती गाडी ओढायला सहा घोडे होते! घोडा चालत एवढ्या वेळेत पोचणारच नाही, असं पैजा घेणारे धरून चालले होते. तो ताजातवाना पोचला आणि सेंट लेजरची शर्यत जिंकला.

आता ट्रेलरच्या आत पाहा. साधारण 500 किलोचं जनावर चार खुरांवर उभं आहे. बसमध्ये ब्रेक लागला की आपण दांडा पकडतो; घोड्याला पकडायला काही नाही. तो पाय फाकवतो, कमरेतून झुकतो, प्रत्येक वळणाला वजन इकडून तिकडे नेतो. लांबून तो निवांत उभा दिसतो, पण त्याचे स्नायू वाटभर काम करत असतात. 1996 साली नॅटली वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांना पुढे तोंड करून आणि मागे तोंड करून प्रवास घडवला आणि हृदयाचे ठोके मोजले. मागे तोंड असताना ठोके कमी भरले.

हा हलता भार मोटरहोमला जोडलेला असतो मुठीत मावेल अशा पोलादी गोळ्याने. त्या गोळ्यावर किती ओझं पडावं, यात सगळी मेख आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा तिथे यावा, असा ठोकताळा. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचलतं; पुढे जास्त झालं की बैलाची मान दबते. बैलाच्या चालीला उलार गाडी नुसती त्रास देते. ताशी 90 किलोमीटरला मात्र उलार ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो, आणि एका वेगापलीकडे ते डुलणं विरत नाही, प्रत्येक झोक्याला वाढत जातं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. पाय हळूच वर घ्यायचा आणि चालकाशेजारच्या छोट्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ते विजेचे असतात : चाकाच्या ड्रममधला चुंबक जागा होतो आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ट्रेलर सुटलाच तर एक तार खुंटी उपसते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी आपणहून ब्रेक लावते. ही तार मला या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत शहाणी वस्तू वाटते.

मोटरहोमची खरी अडचण त्याच्या शेपटीत आहे. पिकअप ट्रकमध्ये हा गोळ्याचा हूक मागच्या चाकांच्या जवळ असतो. मोटरहोमचं घर मात्र मागच्या चाकांच्याही बरंच पलीकडे लोंबतं. समजा पुढच्या-मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या चाकांपासून तीन मीटर मागे. हुकावर 250 किलो टेकले की तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचे 136 किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर 386 किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे.

शिवाय हुकाची मर्यादा. अनेक मध्यम मोटरहोमना ती 5000 पौंड, म्हणजे 2270 किलो. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलरच साधारण 1400 किलोचा. दोन घोडे चढवले की 2400 झाले, खोगीर आणि चारा वेगळाच. म्हणून अशा गाडीमागे बहुधा एकच घोडा शोभतो. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात आणि रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून एकटा घोडा डाव्या कप्प्यात उभा करतात. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेणं हाच एक भरवशाचा मार्ग. अंदाजावर माझा अजिबात विश्वास नाही.

एवढ्या मोठ्या गाडीत घोड्याची हालचाल चालकाच्या आसनापर्यंत फारशी पोचत नाही, हा मला सगळ्यांत मोठा धोका वाटतो. म्हणून ट्रेलरमध्ये कॅमेरा हवा, वळणाआधीच वेग उतरायला हवा, उतारावर खालचा गिअर हवा. आणि दर तीन-चार तासांनी थांबायला हवं. घोड्याचं डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं तर श्वासनळीतली घाण खाली निथळत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. थांबल्यावर दोर सैल करून त्याला मान खाली घालू द्यायची.

पाण्याचं तर आणखी नवल. तहानलेला घोडासुद्धा अनोळखी चवीचं पाणी कित्येकदा नाकारतो, आणि त्याला दिवसाला 25 ते 45 लिटर लागतं. इथे मात्र मोटरहोम पिकअपच्या पुढे जातं. त्याच्या टाकीत घरच्या नळाचं 150 लिटर पाणी सहज मावतं. ते 150 किलो वजनात धरावे लागतात, चढावर जाणवतात. तरी ती टाकी घरूनच भरून घ्या.