कपाचा कान आणि १,२८० डॉलर

अमेरिकी हवाई दलाच्या विमानात पाणी, कॉफी गरम करायला एक धातूचा कप असतो. तो विमानातच प्लगला जोडतात. हातातून पडला की त्याचा प्लास्टिकचा कान मोडायचा. सुटा कान मिळत नसे, म्हणून अख्खा कप नवा घ्यावा लागे. २०१८ मध्ये त्याची किंमत होती सुमारे १,२८० डॉलर!

कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस तळावरच्या जवानांनी मोडलेला कान नीट पाहिला. त्याचा खालचा भाग चौकोनी, आणि कोपऱ्यात ताण एकवटतो. त्यांनी गोलाई दिली, म्हणजे ताण पसरतो. थ्री-डी प्रिंटरवर नवा कान जेमतेम अर्ध्या डॉलरात झाला. तळावरच्या जवानांनाच हे सुचलं, याचं मला मोठं कौतुक वाटतं. खरेदीच्या टेबलावर अशा जवानांना आधी विचारायला हवं. २०१८ मध्येच सिनेटर चक ग्रासली यांनी हवाई दलाला या महागड्या कपांच्या खर्चाचा जाब विचारला.