पाण्याचा खजिना

शिवाजी पेठेंतून सायंकाळीं रंकाळ्यावर जाणारा नागरिक संध्यामठाची, पावसाळ्यांत पाण्यांत बुडणारी, काळ्या दगडाची बांधणी कौतुकानें न्याहाळतो. परंतु करवीरची जुनी जलव्यवस्था समजून घ्यावयाची, तर त्यानें शहराच्या दक्षिणेस कळंब्याकडे वळावें. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेला तो तलाव शहराहून उंचावर आहे; म्हणूनच तेथील पाणी यंत्राविना, केवळ उतारानें, मंगळवार पेठेंतील ‘पाण्याच्या खजिन्यां’त येऊं लागलें. नांव अन्वर्थक आहे. खजिना चोरीनेंच नव्हे, हेळसांडीनेंहि नासतो. रंकाळ्यांत सांडपाणी मिसळूं लागलें, तेव्हां शहरास हें उमगलें. मठाची शोभा दगडांत असली, तरी तिचा प्राण भोंवतालच्या निर्मळ पाण्यांतच आहे.