विश्लेषण : जगातील सर्वांत जुन्या टर्मिनसची रेल्वेशी नाळ का तुटली?

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातील लिव्हरपूल रोड हे आज उभे असलेले जगातील सर्वांत जुने रेल्वे टर्मिनस. तेथून प्रवासी गाड्या अवघी १४ वर्षे सुटल्या. त्यानंतर मालस्थानक, पडीक वास्तू आणि मग संग्रहालय अशी स्थित्यंतरे झाली. मात्र मुख्य रेल्वेमार्गाशी त्याचा संबंध तुटला तो गेल्या दशकात, आणि तोही एका नव्या रेल्वेमार्गासाठीच.

हे स्थानक का उभारले गेले?

लिव्हरपूल बंदरात उतरणारा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत नेण्यास कालवे आणि रस्ते अपुरे पडू लागले होते. व्यापाऱ्यांनी पैसा उभा केला आणि अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांनी सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग बांधला. दोन शहरांदरम्यान वाफेच्या इंजिनांनी, वेळापत्रकानुसार प्रवासी वाहतूक करणारी ही पहिली रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती त्यानंतर २३ वर्षांनी.

उद्घाटनाच्या दिवशी काय घडले?

१५ सप्टेंबर १८३० रोजी पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन पाहुण्यांसह लिव्हरपूलहून निघाले. इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी पार्कसाइड येथे थांबली असता खासदार विल्यम हस्किसन खाली उतरले. शेजारच्या रुळावरून आलेल्या ‘रॉकेट’ इंजिनाने त्यांना धडक दिली आणि त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला. मँचेस्टरमध्येही सरकारवर नाराज असलेल्या जमावाने पंतप्रधानांची हुर्यो उडवली. ते गाडीतून उतरलेच नाहीत.

स्थानकाचे वेगळेपण काय?

रेल्वे स्थानक कसे असावे याचा नमुनाच तेव्हा नव्हता. रूळ वरच्या पातळीवर असल्याने प्रवाशांना जिना चढून गाडीकडे जावे लागे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गासाठी प्रवेशद्वारे आणि तिकीटघरे स्वतंत्र होती. समोरच १८३० मध्येच बांधलेले मालाचे गोदामही आज शिल्लक आहे.

१४ वर्षांतच ते बंद का झाले?

मँचेस्टरमध्ये इतर मार्गही येऊ लागले आणि ते एकमेकांना जोडण्याची गरज भासली. ४ मे १८४४ रोजी प्रवासी गाड्या हंट्स बँक येथील नव्या स्थानकात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरियात, हलवण्यात आल्या. लिव्हरपूल रोडवर केवळ मालवाहतूक उरली, ती १९७५ पर्यंत चालली. हेच त्याच्या पथ्यावर पडले. प्रवाशांची गर्दी वाढली नाही, त्यामुळे जुनी इमारत पाडून मोठी बांधण्याची वेळ आली नाही. याच मार्गाचे लिव्हरपूलकडील मूळ टर्मिनस, क्राउन स्ट्रीट, मात्र नामशेष झाले.

मग वाद कशावरून झाला?

मालस्थानक बंद झाल्यावर इमारतींची पडझड सुरू झाली. १९७८ मध्ये ग्रेटर मँचेस्टर कौन्सिलने ही जागा नाममात्र एक पौंडाला घेतली आणि १९८३ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. पुढे व्हिक्टोरिया आणि पिकॅडिली ही शहरातील दोन प्रमुख स्थानके थेट जोडण्यासाठी ‘ऑर्डसॉल कॉर्ड’ हा छोटा दुवा आखण्यात आला. त्यामुळे संग्रहालयाचा मुख्य मार्गाशी असलेला जोड तुटणार होता. स्थापत्य अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे माजी अध्यक्ष मार्क व्हिटबी यांनी वेगळा मार्ग सुचवत न्यायालयात धाव घेतली. पण निकाल त्यांच्या विरोधात गेला. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या दुव्यावरून गाड्या धावू लागल्या.

आता पुढे काय?

सर्वोच्च श्रेणीच्या वारसा दर्जामुळे स्थानकाच्या इमारतीला संरक्षण आहे. २०३० मध्ये या रेल्वेला २०० वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशीही लिव्हरपूलहून निघालेल्या गाड्या मँचेस्टरला पोहोचतील, पण त्यांच्या मूळ स्थानकात नाही.