वॉरिकची वारस

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अर्ल हा वरच्या फळीतील उमराव असे आणि त्याच्या किताबामागे किल्ले, गावे व खंडाचे उत्पन्न उभे असल्यामुळे, किताब कोणाकडे जातो हा प्रश्न केवळ मानापानाचा नव्हता. वॉरिकचा अर्ल रिचर्ड बीचम 1439 मध्ये वारला, त्याचा मुलगा हेन्री 1446 मध्ये ऐन एकविशीत गेला आणि हेन्रीची चिमुरडी मुलगीही 1449 मध्ये दगावली. मागे उरल्या त्या रिचर्डच्या चार मुली: पहिल्या पत्नीच्या तीन आणि दुसऱ्या पत्नीची ॲन, म्हणजेच हेन्रीची सख्खी बहीण. मुलगा नसल्यास मुलींनी जमीन समान वाटून घ्यावी असा सामान्य नियम होता. परंतु ज्याच्या ताब्यात ती शेवटी होती त्याच्या सावत्र नातलगांना वारसा पोचत नाही, हा दुसरा नियम त्याला छेद देई आणि त्याच्याच आधारे सर्वांत धाकट्या ॲनने थोरल्या तिघींना मागे टाकले. तिच्या हक्काने तिचा पती रिचर्ड नेव्हिल अर्ल झाला. ‘राजे घडवणारा’ म्हणून इतिहासात गाजलेल्या या पुरुषाचे बळ बऱ्याच अंशी पत्नीच्या माहेरच्या जमिनीवर उभे होते, हे सहसा सांगितले जात नाही.

नेव्हिल 1471 मध्ये बार्नेटच्या लढाईत चौथ्या एडवर्डविरुद्ध लढताना मारला गेला. राजद्रोह्याची मालमत्ता संसदेच्या कायद्याने सरकारजमा होऊ शके, मात्र पत्नीला माहेरकडून आलेली मिळकत तिचीच राहत असल्याने ॲनच्या हयातीत तिच्या जमिनींना हात लावायला जागा नव्हती. पण तिचे दोन्ही जावई, क्लॅरन्स आणि ग्लॉस्टर, राजाचे सख्खे भाऊ होते. ब्यूलीच्या मठात आश्रय घेतलेली ॲन स्वहस्ते अर्ज लिहीत राहिली आणि 1474 मध्ये संसदेने, ती जणू मृत आहे असे मानून, तिची संपत्ती जावयांत वाटून दिली. कायद्याच्या नावाने केलेली ही उघड लूट होती. पुढे सातव्या हेन्रीने 1487 मध्ये जमिनी तिला परत दिल्या त्याही तिने त्या राजाच्या नावे करून द्याव्यात एवढ्यासाठीच. क्लॅरन्सचा मुलगा, वॉरिकचा अर्ल एडवर्ड, याचा 1499 मध्ये शिरच्छेद झाला. किताब 1547 मध्ये जॉन डडलीला नव्याने बहाल झाला; त्याची आई, 1449 मध्ये डावलल्या गेलेल्या बहिणींपैकी थोरल्या मार्गारेटच्या वंशातली होती.